साध्या वेशात

माझी मामेबहीण पोलिसात आहे. ड्युटी सुटली की कधीकधी घरी जाण्याआधी ती माझ्याकडे येते. कोरेगाव भीमाला हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं घर. ती दारातच बूट-मोजे काढते, टोपी फ्रिजवर ठेवते. तोवर मी बादलीत कढत पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून आणते. पाय बादलीत सोडून ती भिंतीला टेकते आणि म्हणते, "लाव तुझं काहीतरी."

माझं काहीतरी म्हणजे खून, तपास आणि तपास करणारी बाई. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय, वाचत आलेय. स्वयंपाकघरातला दिवा मालवला की दिवसाचा जो शेवटचा तास माझा एकटीचा असतो, तो मी या बायकांना दिलाय.

ती बघता बघता बोलत असते. नावं ठेवत नाही. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की नकळत चौकटीवरून हात फिरवतो, तसं तिचं चालतं. "एकटीच कशी शिरली ही आत? स्टाफ कुठाय?" "मुद्देमाल असा हातानं उचलतात होय?" "पंच नाहीत अजून." एकदा आम्ही एक मालिका लागोपाठ तीन रात्री बसून संपवली. शेवटी खुनी सापडला, पावसात भिजलेली ती अधिकारी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली, संगीत वाजलं. बहीण बादलीतले पाय पुसत म्हणाली, "सगळं झालं ताई, पण ही बाई एकदासुद्धा लिहिताना दिसली नाही गं."

त्या वाक्यापाशी मी अजून थांबलेली आहे.

या बायका माझ्या आयुष्यात आल्या त्या दौंडला. मामा राज्य राखीव पोलीस दलात होते. दौंडला दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं मामांच्या क्वार्टरवर महिनाभर राहायचो. पहाटे बिगुल, मग मैदानावर बुटांचा एकसुरी आवाज आणि त्याच्या पलीकडे जंक्शनवर शंटिंग करणारी इंजिनं. त्या मैदानावर मी शेकडो माणसं बघितली, वर्दीतली बाई एकही बघितली नाही. बाया क्वार्टरच्या मागच्या बाजूला असायच्या, पाण्याच्या टाकीवर. त्यांना आपापल्या नवऱ्यांचा बंदोबस्त कुठं लागलाय ते पाठ असायचं. मालेगाव, भिवंडी, गडचिरोली.

१९८९ साली दूरदर्शनवर 'उडान' सुरू झाली. कविता चौधरींनी ती लिहिली होती, दिग्दर्शित केली होती आणि कल्याणी सिंह ही आयपीएस अधिकारीही त्यांनीच उभी केली होती. गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची, हे मला खूप नंतर कळलं. त्या पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात कुठल्याही राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिली बाई. दौंडच्या त्या खोलीत आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामा बंदोबस्तावरून आलेले, बनियनवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बघत होते. त्यांनी मामीला अगदी मनापासून विचारलं, "अशी एखादी आमच्या गटाला साहेब म्हणून आली, तर सॅल्यूट मारायचा का तिला?" मामी ओट्यापाशी भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "वर्दीला मारता ना? मग मारायचा." माझी ही मामेबहीण तेव्हा पाळण्यात होती. मामीनं भाकरी तव्यावर टाकली आणि पायानं पाळण्याला झोका दिला, एवढं मला स्पष्ट आठवतं.

मामांच्या लोखंडी ट्रंकेत वर्दीच्या घडीखाली रहस्यकथा असत. बंदोबस्ताला जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एखादी असायचीच. बरॅकमध्ये त्या हातोहात फिरत, शेवटची पानं गळालेल्या अवस्थेत परत येत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद. मी दुपारी ट्रंकेपाशी बसून त्या फस्त करायची. त्यांत बायका भरपूर. पळवून नेलेल्या, ब्लॅकमेलमध्ये सापडलेल्या, नाहीतर गळ्यात मोत्यांचा सर आणि पर्समध्ये पिस्तूल घेऊन नायकाला भुलवायला आलेल्या. दार ठोठावणारी, "मी तपासाला आलेय" म्हणणारी बाई त्या ट्रंकेत मला भेटली नाही. त्या कथांवर माझं प्रेम आहे आणि राहील. वाचनाची चटक मला त्यांनीच लावली. पण दौंडचं मैदान आणि ती ट्रंक दोन्हींकडे एकच जागा रिकामी होती. 'उडान'मधली कल्याणी त्या रिकाम्या जागेत येऊन उभी राहिली, म्हणून ती दहा वर्षांच्या मुलीच्या मनात इतकी खोल गेली.

आपल्या भाषेतही ती जागा रिकामीच होती. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. तशीच मामलेदारीण, तशीच फौजदारीण. फौजदारीणबाई हळदीकुंकवाला आल्या म्हणजे फौजदाराच्या सौभाग्यवती आल्या. मास्तरीण हा शब्द मात्र सावित्रीबाईंपासून पुढच्या बायकांनी खडूनं हात पांढरे करून कमावला. मास्तरीण म्हटलं की आपल्याला शिकवणारी बाईच दिसते. बहीण खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झाली तेव्हा मामी गल्लीत पेढे वाटत सांगत होती, "आमची पोरगी फौजदारीण झाली." शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "जावई कुठल्या ठाण्याला असतात?" ठाण्यात सगळे तिला मॅडम म्हणतात. चोरही मॅडम म्हणतात, वकीलही. इंग्रजीतून आलेला शब्द, नात्याचा नाही, गावचा नाही. तरी तो तिच्या अंगाला बसलाय खरा.

आणि 'मर्दानी'. २०१४ सालचा तो चित्रपट मी पुण्याला जाऊन थिएटरात बघितला. मुलींच्या विक्रीच्या साखळीमागे लागलेली मुंबई क्राइम ब्रँचची शिवानी शिवाजी रॉय. राणी मुखर्जींनी ती सगळा जीव ओतून केली आहे. मी बाहेर आले तेव्हा माझ्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. तरी ते नाव मला बोचलं. बाईच्या शौर्याला शब्द हवा झाला की आपण मर्दाकडून उसना आणतो. या चित्रपटामागे मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्या कामाची प्रेरणा असल्याचं त्या वेळी बोललं गेलं. बोरवणकर मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख, पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. १९९४ मधल्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणाच्या तपासात त्यांचा मोठा वाटा होता. त्या प्रकरणाची बातमी असलेला पेपर आमच्या घरी आला की मोठी माणसं पान दुमडून ठेवायची. आज वाटतं, तिथं गोळीबार नव्हता, पाठलाग नव्हता. घाबरलेल्या मुली होत्या, गावातल्या वजनदार माणसांची नावं होती आणि तोंड उघडलं तर लग्न होणार नाही ही धमकी, जी कुणी द्यावीही लागत नव्हती. त्या मुलींनी बोलावं म्हणून कुणीतरी तासन्तास समोर बसलं असणार. त्या बसण्याचा चित्रपट अजून मी बघितलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती इथंच सांगून टाकते. पडद्यावरच्या आपल्या राज्यातल्या बाई अधिकारी कुठल्या असतात? शिवानी रॉय. 'देवमाणूस' या मालिकेवर वाईच्या खूनसत्राची सावली होती, आमच्या गल्लीत रात्री त्या वेळेला रस्ता ओस पडायचा; तिथं तपासाला आलेली अधिकारी दिव्या सिंह. 'शी' या मालिकेत खरीखुरी मराठी घरातली पोरगी आहे, भूमिका परदेशी, अदिती पोहनकरनं केलेली. ती मात्र शिपाई. आणि तिला साध्या वेशात पाठवतात ते आमिष म्हणून, वेश्येच्या रूपात, गुन्हेगाराला जाळ्यात ओढायला. मालिका धीट आहे, त्या मुलीच्या मनातली उलथापालथ तिनं टाळलेली नाही. पण साधा वेश या शब्दाचा दुसरा अर्थ मला पुढे माझ्याच घरात समजला.

शिरूर तालुक्यात पहाटे पाचला फिरायला निघालात तर रस्त्याच्या कडेनं, कालव्याच्या भरावावरून मुली पळताना दिसतात. अंगात भावाचा टी-शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, मागून मोटरसायकलवर शिट्टी घेतलेला कोच. आठशे मीटर, शंभर मीटर, चार किलोचा गोळा. उंची किमान एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी. त्यासाठी काहीजणी लिंबाच्या फांदीला लोंबकळतात. मैदानाचे पन्नास गुण, लेखीचे शंभर. दिवसा यातल्या काही रांजणगाव, सणसवाडीच्या कंपन्यांत काम करतात, काही आईबरोबर खुरपायला जातात. त्यांतल्या एकीला मी विचारलं, पोलीसच का? ती धापा टाकत म्हणाली, "वर्दी असली की रात्री एसटी स्टँडवर थांबता येतं." मी तिला विचारलं, रेखा मिश्रा हे नाव ऐकलंयस का? ते तिला ठाऊक होतं. रेल्वे सुरक्षा दलातल्या या उपनिरीक्षकेनं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर घरातून पळून आलेली, हरवलेली शेकडो मुलं शोधून सुखरूप पोचवली. २०१८ मध्ये दहावीच्या मराठीच्या पुस्तकात त्यांच्यावर पाठ आला. गर्दीत एखादं मूल कुणाचं नाही हे ओळखायचं, ही त्यांची कामगिरी. चप्पल कुठली, पिशवी आहे की नाही, नजर कुणाला शोधतेय. शेरलॉक होम्स चिखलावरून माणूस ओळखायचा, त्याच्या पंक्तीत मला ही नजर बसवावीशी वाटते.

आमच्या गावाचं नाव पोलिसांच्या तोंडी सगळ्यात जास्त येतं ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. भीमेच्या पुलापलीकडे पेरणे फाट्याला विजयस्तंभ आहे, १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर तिथं आले. दर वर्षी १ जानेवारीला तिथं लाखो माणसं येतात. नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, वाहनतळापासून स्तंभापर्यंत बस धावतात, पाण्याचे टँकर, दवाखान्याचे तंबू, आणि सगळीकडे खाकी. कुठून कुठून आलेली. बंदोबस्तात प्रत्येकाला एक पॉइंट मिळतो आणि पॉइंट सोडायचा नसतो. पडद्यावरची पोलीस बाई धावते. माझ्या डोळ्यांसमोरची उभी असते. पहाटे चारपासून उभी. पाणी बेतानं प्यायचं हे तिला आधीच्या बायकांनी शिकवलेलं असतं, कारण स्वच्छतागृह पॉइंटपासून किती लांब असेल त्याचा नेम नाही. पाळीचे दिवस असले तर दोन पँट. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून येणाऱ्या प्रत्येक बाईची पिशवी उघडायची, हात फिरवायचा, आणि तो हात अपमानाचा वाटू नये म्हणून तोंडानं "या आजी, सावकाश" म्हणायचं. दिवसात किती हजार वेळा?

२०१८ च्या १ जानेवारीला इथं दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. पुढे राज्य सरकारनं न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्या दुपारी आम्ही दारं लावून घरात बसलो होतो, गच्चीवरून धूर दिसत होता, आणि बहीण कुठल्या पॉइंटवर आहे ते कळत नव्हतं. ती आली दुसऱ्या दिवशी पहाटे. बादली नको म्हणाली. फरशीवरच बसली. तिच्या कमरेच्या पट्ट्याच्या एका बाजूला कातडं चुरगळल्यासारखं झालं होतं. बऱ्याच वेळानं बोलली. गर्दी पांगली तेव्हा एक म्हातारी तिच्यापाशी राहिली होती, पांढरं लुगडं, मराठवाड्यातली, गाडीतली माणसं चुकलेली. म्हातारीनं तिचा पट्टा मुठीत धरला तो सोडलाच नाही. सहा-सात तास. ही दोन पावलं सरकली की म्हातारी दोन पावलं सरके. रात्री तिची माणसं सापडली तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "काही बोलली का ती?" मी विचारलं. "जय भीम म्हणाली शेवटी. मी पण म्हणाले." एवढं सांगून ती तिथंच झोपली.

पोलिसांच्या बायका आणि बाया पोलीस, दोघींच्या तोंडी ड्युटीचा हिशेब सारखाच ऐकू येतो. बारा तास, त्यावर जाण्यायेण्याचे, त्यावर सण-उत्सव. २०२१ साली महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायची असं ठरलं. सुरुवात नागपूर शहर, अमरावती शहर आणि आमच्या पुणे ग्रामीणमध्ये झाली, मग महासंचालक संजय पांडे यांनी ती राज्यभर लागू करायला सांगितलं. बंदोबस्त, सण, आणीबाणी आली तर तास वाढवता येतात, ही मुभा त्यात होतीच. तरी एखाद्या संध्याकाळी सहाला बहीण भाजी घेताना दिसली की मला अजून नवल वाटतं. थरारकथांत या तासांचा हिशेब नेहमी एकाच तऱ्हेनं चुकता होतो: घर मोडतं. नवरा निघून जातो, मूल बोलेनासं होतं, बाई एकटी खिडकीपाशी. लिंडा ला प्लांट यांनी १९९१ मध्ये 'प्राइम सस्पेक्ट' लिहिलं तेव्हा ते खरं धारिष्ट होतं. हेलन मिरेनच्या जेन टेनिसनला मोठा गुन्हा तपासाला मिळतो, तोसुद्धा आधी तो तपास हाताळणारा पुरुष अधिकारी हृदयविकारानं गेल्यावर. कामाची भूक असलेली, त्यापायी घर हातातून निसटू देणारी बाई तोवर कुणी इतकी सरळ दाखवली नव्हती. पण त्यानंतर तीस वर्षं जगभर तेच घर मोडत राहिलं. म्हणून बहिणीला 'फार्गो' आवडतो. मिनेसोटाचं बर्फ, सात महिन्यांची गरोदर पोलीसप्रमुख मार्ज, पहाटे खुनाची बातमी येते. ती निघणार तर नवरा झोपेतून उठून म्हणतो, थांब, अंडी करून देतो. बहीण म्हणाली, "हे परत लाव." मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

आता त्या साध्या वेशाचं.

दोन वर्षांमागे एका संध्याकाळी ती आली, पण पायऱ्या चढली नाही. अंगणातूनच म्हणाली, "ताई, तुझा एखादा ड्रेस दे. धुवून धुवून मऊ झालेला. आणि दोन काचेच्या बांगड्या." मी कपाटातून निळा सुती पंजाबी दिला, कोपरापाशी विरलेला. तिनं खाकी उतरवली, अंबाडा सोडून वेणी घातली, नेमप्लेट माझ्या हातात दिली. बूट काढून माझ्या चपला घातल्या. पेन आणि कागद तेवढे पिशवीत घेतले. कुठं जातेस, असं मी विचारलं नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं चोविसावं आणि सव्विसावं कलम सांगतं की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यावा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या हुद्द्याच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यावा. आणि जबाब घेताना अंगावर वर्दी नसावी. मूल रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ हवं. आणि मूल जसं बोलेल तसंच उतरवून घ्यायचं. हे शेवटचं वाचायला सोपं वाटतं. पण ठाण्यातली मराठी आपण सगळे जाणतो. 'सदर इसमाने फिर्यादीस' अशी ती सुरू होते आणि कितीही रक्तबंबाळ गोष्ट तिच्यात घातली तरी ती इस्त्री होऊन बाहेर येते. पोलिसाच्या हाताला वर्षानुवर्षांची ती सवय. सात वर्षांची पोर 'तो काका' म्हणते. तिनं शरीराला दिलेली नावं घरातली असतात, आईनं आंघोळ घालताना शिकवलेली. ती वाट्टेल तिथून सुरुवात करते. आधी मांजराचं सांगते, मग शाळेतल्या डब्याचं, मग गप्प होते. त्या मांजराला जबाबातून काढलं तर पुढचं येणार नाही. काकाचा इसम केला तर कोर्टात वकील विचारेल की, सात वर्षांची मुलगी इसम म्हणते का? बहीण एवढंच म्हणाली होती, पुष्कळ नंतर आणि कुणाबद्दलही नाही अशा आवाजात: "आपलं मराठी विसरून तिचं लिहायचं. हात सारखा सदर इसमाकडे जातो गं."

ती रात्री साडेदहाला परतली. काय झालं ते सांगितलं नाही. नाव कायद्यानं सांगता येत नाही. गाव सांगायचं नाही हे तिनं स्वतः ठरवलेलं आहे. बांगडी एकच राहिली होती. ड्रेसच्या डाव्या बाहीवर मनगटापाशी बॉलपेननं काढलेलं एक फूल होतं, पाच पाकळ्यांचं, वाकडं, देठ खूप लांब.

त्या रात्री ती गेल्यावर मी 'दिल्ली क्राइम' लावली आणि अर्ध्यातच बंद केली. मालिका वाईट म्हणून नाही. शेफाली शहाची वर्तिका चतुर्वेदी मला फार जवळची वाटते. २०१२ च्या डिसेंबरमधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराचा तपास, घरी न गेलेल्या पोलिसांचे चेहरे, २०२० मध्ये मिळालेला आंतरराष्ट्रीय एमी, सगळं रास्त आहे. पण मला एकाएकी देसाईगंज आठवलं.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीतलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाची आदिवासी पोर भावानं केलेल्या तक्रारीपायी रात्री तिथं आली. जबाब झाले, सगळे निघाले, तिला मात्र थांबवून घेतलं. दिवे मालवले, दारं लावली. तिची माणसं बाहेर उभी राहून हाका मारत होती. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयानं ठाण्यातल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. मग २०१३ मध्ये आणखी बदलला: अशा गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ते कायम आहे.

मला हे सनावळीसारखं वाटतच नाही. मला त्यात एक खोली दिसते, जिचा दिवा मालवलेला होता. आणि मग एकेक करून त्या खोलीत काही वस्तू येत गेल्या. आधी पत्र. मग कलम. मग खुर्चीत बसलेली एक बाई. मग ती बाई खाकी उतरवून, दुसऱ्याचा विरलेला ड्रेस घालून त्या खोलीतून बाहेर पडली आणि मुलीच्या घरी, तिच्या चटईवर जाऊन बसली. या प्रवासाला पन्नास वर्षं लागली. थरार थरार म्हणतात तो मला इथं भरलेला दिसतो, कारण त्या चटईवर कुठल्याही क्षणी सगळं हातचं जाऊ शकतं. शेजारीण डोकावली, आजीनं "जाऊ दे ना आता" म्हटलं, पेन अडकलं, मुलगी उठून खेळायला गेली. पिस्तूल काढून यातलं काहीही थांबवता येत नाही.

जबाबाच्या शेवटी ठरलेली ओळ असते: मी वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. लहान मुलाला तो वाचून दाखवतात. बहीण म्हणते, वाचून दाखवताना मुलं दुरुस्ती करतात. "मांजर पांढरं नव्हतं, भुरं होतं." ती खोडते, भुरं लिहिते. मग खाली एक शब्द येतो, समक्ष, आणि त्याखाली तिची सही. अक्ष म्हणजे डोळा. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि ऐकणाऱ्याच्याही. मी रहस्यकथांची एवढी शेवटची पानं वाचली, गळालेली मनानं जुळवली, पण इतका नेमका शेवटचा शब्द मला कुठं मिळाला नाही.

कुणीतरी मराठीत ही गोष्ट लिहावी असं मला फार वाटतं. कालव्यावर पळणाऱ्या त्या मुलींपैकीच एखादी लिहील. तिच्यात शिक्रापूरच्या चौकातली वाहतूककोंडी असेल, जिच्यात तपासाची गाडी पाऊण तास अडकते. कंपन्यांत बिहार-ओडिशातून आलेली, भाषा न समजणारी साक्षीदार असेल. गावात महिला पोलीस पाटील असेल, जिला कुणाच्या घरात काय चाललंय ते आधीपासून माहीत आहे आणि बोलायचं की नाही हे ठरत नाहीये. नायिकेचं आडनाव गायकवाड असेल, ढेरंगे असेल, गव्हाणे असेल. तिचा नवरा अंडी करेल. आणि ती लिहिताना दिसेल, पानभर, हात दुखेपर्यंत.

तो निळा ड्रेस मी त्यानंतर घातलेला नाही. पाच-सहा वेळा धुतला. फुलाची शाई फिकी झाली, पाकळ्या जवळजवळ गेल्या, लांब देठ तेवढा राहिलाय.

काल संध्याकाळी नवी मालिका सुरू केली होती. आइसलँड, अंधार, बर्फात पावलांचे ठसे. दुसराच भाग. फोन वाजला. मागं गाड्यांचा आवाज, ती हायवेवर कुठंतरी होती.

"ताई," ती म्हणाली, "तो निळा ड्रेस धुतलेला आहे का?"

मी पडदा थांबवला आणि दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेले.